वाशी कागदाचा ग्रुप प्रोजेक्ट: टाकीत हात घालायच्या आधी आणि नंतर कुठे कुठे माती खाल्ली जाते

दर फेब्रुवारीत मला तेच मेसेज येतात. जपानमध्ये एक्स्चेंजवर नाहीतर मास्टर्सला आलेली आपली पोरं, डिझाइन, आर्किटेक्चर असलं काहीतरी शिकत असतात, त्यांच्या झेमीत (प्राध्यापकाच्या हाताखालचा छोटा गट) वाशीचा प्रोजेक्ट निघतो, सहा-सात जणांनी मिळून कागद बनवायचा आणि त्याचा दिवा करायचा, आणि मग चौथ्या दिवशी रात्री अकराला मला विचारतात, "ताई, कागदात गुठळ्या येतायत, काय करू?" अगं बाई, चौथ्या दिवशी काय करणार, गुठळी बऱ्याचदा दुसऱ्या दिवशीच झालेली असते, दिसते चौथ्या दिवशी.

तर हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते. वाशी म्हणजे नवी मुंबईतलं नव्हे, जपानी हातकागद, आणि इथे फक्त कोझोच्या (कागदी तुतीच्या) सालीचा, नागाशिझुकी पद्धतीचा (चौकट पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवून हलवायची आणि थर चढवायचे). मित्सुमाता, गाम्पी ही वेगळी झाडं, त्यांचे धागे आखूड, त्यांचं गणित इथे लावू नका. मी हे गिफू प्रांतातल्या मिनोला, एका छोट्या कारखान्यात, आमच्या झेमीच्या सहा जणांबरोबर शिकले. त्यातल्या बऱ्याच चुका माझ्याच आहेत.

सुरू करायच्या आधी: सहा दिवस म्हणजे सहा दिवस

पर्यटकांसाठी अर्ध्या-पाऊण तासाचा कागद बनवायचा अनुभव मिळतो, मिनोत वाशी नो सातो काइकान म्हणून म्युझियम आहे तिथेही मिळतो, आणि प्रोजेक्टच्या आधी सगळ्यांनी तो एकदा जरूर घ्या, चौकट हातात कशी लागते ते कळतं. पण तिथे टाकी (लगदा कालवलेल्या पाण्याची) तुमच्यासाठी आयती भरलेली असते. त्यावरून आपला प्रोजेक्ट शनिवार-रविवारात उरकेल असं वाटतं, आणि पहिली माती तिथेच खाल्ली जाते.

खरा क्रम असा: आदल्या रात्री भिजवणं, पहिल्या दिवशी उकळणं आणि धुणं, दुसऱ्या दिवशी कचरा वेचणं, तिसऱ्या दिवशी कुटणं, चौथ्या दिवशी टाकी, रात्रभर निथळणं, पाचव्या दिवशी दाब, सहाव्या दिवशी वाळवणं. टाकीपाशी तुम्ही सहातला एकच दिवस असता. बाकी दिवस काटछाट केलेत की तो एक दिवस फुकट जातो.

सीझन थंडीचाच धरा. कोझोची छाटणी पानं गळल्यावर थंडीत होते आणि नवीन साल त्यानंतर हाताशी येते, शिवाय गार पाण्यात नेरी, म्हणजे टाकीत घालायचा बुळबुळीत रस, टिकते (त्याचं पुढे सांगते). युनिव्हर्सिटीला फेब्रुवारी-मार्चमध्ये सुट्टी असते, म्हणजे तेही जमतं. पाणी बर्फासारखं असणार आहे, त्याची तयारी मनाची ठेवा.

१. ग्रुप कसा करायचा

ही पायरी कोणी लिहीत नाही, आणि सगळ्यात जास्त प्रोजेक्ट इथेच बिघडतात. आपल्याला ऑफिससारखी खाती वाटायची सवय, म्हणजे तू उकळ, मी फोटो काढते, तो रिपोर्ट लिहील. करू नका. ज्याने कचरा वेचला नाही त्याला टाकीत दिसलेला काळा ठिपका किती महागाचा आहे ते कळत नाही, तो तसाच कागद पुढे ढकलतो.

सगळ्यांनी सगळ्या पायऱ्या करायच्या. अपवाद एकच, टाकीचा. तिथे दर कागदाला माणूस बदललात तर जाडी बदलते, प्रत्येकाचा हात वेगळा. म्हणून सलग पाच कागद एकाने, मग पुढचा. दिव्याच्या एका बाजूला एकाच हाताचे कागद लावायचे, म्हणजे उजेड सारखा पडतो.

शोकुनिन-सान, म्हणजे तिथले कारागीर, फार बोलत नाहीत. ते करून दाखवतात, एकदा, फार तर दोनदा, आणि तुम्ही बघून शिकायचं असतं. मधेच "का?" विचारलं तर रागावत नाहीत, पण हात थांबतो आणि त्यांची लय तुटते. प्रश्न वहीत लिहा, चहाच्या वेळी विचारा. वही पेन्सिलने, शाई ओल्या हाताने पसरते. सकाळी आल्यावर नीट वाकून योरोशिकु ओनेगाइशिमासु (आम्हाला सांभाळून घ्या, अशा अर्थाचं) म्हणायचं, जाताना आभार मानायचे आणि पहिल्या दिवशी काहीतरी खाऊ न्यायचा. मी भाजक्या पोह्यांचा चिवडा नेला होता, तिखटाने त्यांचे डोळे पाणावले पण डबा संपला. तुम्ही जरा सौम्य काहीतरी न्या.

सावधान: कपडे. लोकरीचा स्वेटर, फ्लीसचं जॅकेट नको. त्याचे तंतू उडतात आणि लगद्यात जातात. सुती कपडे थरावर थर, वर रबरी एप्रन, गमबूट. अंगठ्या-ब्रेसलेट काढून ठेवा, केस बांधा, हँडक्रीम लावून टाकीला हात लावू नका, तेलाचा डाग बसला की बसला. मी पहिल्या दिवशी मरून स्वेटर घालून गेले होते, तो लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

२. सामानाचा हिशोब

"अंदाजे दोन किलो आणू" असं करू नका. आधी किती कागद हवेत ते ठरवा आणि उलटं मोजा.

आमच्या दिव्याला ४५ बाय ६० सेंटीमीटरचे ४० कागद हवे होते. एक कागद म्हणजे ०.२७ चौरस मीटर. दिव्याला ३० जीएसएम (चौरस मीटरला ३० ग्रॅम) चांगला, म्हणजे एका कागदाला साधारण ८ ग्रॅम धागा. चाळीसला ३२० ग्रॅम. बिघडलेले कागद आणि टाकीच्या तळाशी शेवटी उरणारं पातळ पाणी धरून ४५० ग्रॅम. आणि उकळण्या-धुण्यात सालीचं जवळजवळ निम्मं वजन जातं, म्हणजे कोरडी पांढरी साल साधारण १ किलो.

पांढरीच साल मागा. काळी साल स्वस्त पडते पण वरचा काळा पापुद्रा सुरीने खरवडायचा एक अख्खा दिवस वाढतो. शिकायचा असेल तर थोडीशी घ्या, सगळी नको.

बाकी सामान: स्टेनलेस स्टीलचं नाहीतर एनॅमलचं मोठं पातेलं, सोडा ॲश, जाड रबरी हातमोजे, गॉगल, पीएच पेपर, वजनकाटा, सुती कापडाची पिशवी, लाकडी मोगऱ्या. सुगेता म्हणजे चौकट-चाळणीची जोडी, ती कारखान्याचीच वापरा. त्यातली सु ही बांबूच्या बारीक काड्या रेशमाच्या दोऱ्याने विणलेली चटई असते, ती बनवणारी माणसं आता मोजकीच उरलीयत, आणि तुमच्या नखाने एक दोरा तुटला तर त्याची खूण पुढच्या प्रत्येक कागदावर उमटते.

सावधान: ॲल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको, सोडा त्याला खातो. लोखंडाचं पण नको, गंजाचे डाग येतात.

३. भिजवणं, उकळणं, धुणं

आदल्या संध्याकाळी साल भरपूर गार पाण्यात बुडवून ठेवा. सकाळपर्यंत ती मऊ, लवचिक झाली पाहिजे, मधे कडक राहिलेली असेल तर अजून थांबा. अर्धवट भिजलेली साल उकळली की बाहेरून शिजते आणि आत कच्ची राहते, आपल्या राजम्यासारखं.

सकाळी १ किलो कोरड्या सालीला १२ ते १५ लिटर पाणी, १५० ते २०० ग्रॅम सोडा ॲश. सोडा पाणी गार किंवा कोमट असतानाच थोडा थोडा घालून ढवळा, उकळत्या पाण्यात ओतलात तर फसफसून अंगावर येतो. हातमोजे, गॉगल, खिडक्या उघड्या. मग साल घाला, उकळी आली की आच कमी करून दोन ते तीन तास, दर अर्ध्या तासाने खालची साल वर.

इथे घड्याळावर जाऊ नका. तपासायची रीत: सालीची एक पट्टी काढा, पाण्यात धुवा आणि आडवी ओढा, धाग्यांच्या दिशेने नाही, आडवी. जाळीसारखी उघडली पाहिजे, अगदी हलक्या ओढीने. नुसती ताणली जातेय म्हणजे कच्ची आहे. बोटात धरताच लापशी होतेय म्हणजे जास्त शिजली, धागा कमजोर झाला. पट्टी सगळ्यात जाड भागाची घ्या, पातळ टोकाची नाही. आमच्यातल्या एकाने टोक घेऊन "झालं" म्हणून जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी बुंध्याकडचे सगळे तुकडे परत उकळावे लागले.

शिजल्यावर गॅस बंद करून त्याच पाण्यात गार होऊ द्या. मग धुणं. ते काळपट, खारट वासाचं पाणी मोरीत किंवा ओढ्यात ओतू नका, ते अल्कली आहे, कारखान्यात त्याची जी व्यवस्था असेल तिथेच. साल वाहत्या पाण्यात, हलक्या हाताने, खळबळून नाही.

तपासा: पाणी स्वच्छ आलं का, बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागायचं थांबलं का, पीएच ७ च्या आसपास आहे का. तिन्हीला हो आलं तरच पुढे. सोडा राहिला तर काही वर्षांत कागद पिवळा पडतो, आणि तेव्हा तुम्ही पदवी घेऊन घरी गेलेले असता.

४. चिरितोरी, म्हणजे कचरा वेचणं

चिरितोरी म्हणजे सालीची एकेक पट्टी पाण्याखाली धरून तिच्यातले काळे ठिपके, गाठी, पापुद्र्याचे कण, फांदी जिथून फुटली होती तिथला डोळा, सगळं बोटांनी काढायचं. तांदूळ निवडतात तसं, फक्त गार पाण्यात आणि दिवसभर. एक किलोच्या सालीला सहा जणांचा पूर्ण दिवस जातो. सगळे इथेच कंटाळतात.

कंटाळा कमी करायचा माझा उपाय म्हणजे पाळी लावणे: चाळीस मिनिटं पाण्यात, दहा मिनिटं हात गरम पाण्याच्या बादलीत. जे "मी न थांबता करते" म्हणतात त्यांची बोटं दुपारनंतर सुन्न होतात आणि ठिपके जाणवायचेच बंद होतात, डोळ्याला दिसत असून.

पांढऱ्या ट्रेमध्ये करा, काळं पटकन दिसतं. प्रत्येक पट्टी दोघांच्या हातून गेली पाहिजे, एकाने वेचलेली दुसऱ्याने बघायची. कच्च्या राहिलेल्या, कडक तुकड्यांची वेगळी वाटी ठेवा, ते परत उकळायचे, नाहीतर फेकायचे. "कुटल्यावर होईल मऊ" असं म्हणून आत ढकलायचे नाहीत. नाही होत. मेसेजमधल्या अर्ध्या गुठळ्या म्हणजे हे तुकडे.

तपासा: मूठभर वेचलेली साल काचेच्या भांड्यात पाण्यात घालून खिडकीसमोर धरा. एक मिनिट शांतपणे बघा. काळं काही दिसलं तर अख्खी टोपली परत. आमची दोनदा परत आली, शोकुनिन-सान काही बोलले नाहीत, नुसती टोपली उचलून आमच्यासमोर ठेवली.

५. कुटणं

साल पिळून तिचा गोळा करा, दगडावर किंवा जाड लाकडी फळीवर ठेवा, समोरासमोर दोघं उभे राहून लाकडी मोगरीने आलटून पालटून मारायचं. उखळात दोघी बायका मुसळाने कांडतात ना, अगदी तसं, एकीचं वर तर दुसरीचं खाली. गोळा पसरला की घडी घालून परत मध्ये. लय जमली की थकवा येत नाही, लय तुटली की बोट सापडतं.

आणि इथे कोणीतरी हमखास विचारतं, की मिक्सरमधून काढू का. नको! मिक्सरचं पातं धागा कापतं. कोझोचा धागा साधारण सेंटीमीटरभर लांब असतो आणि कागदाची सगळी ताकद त्या लांबीत आहे. कुटल्याने धागे सुटे होतात, कापले जात नाहीत. मोठ्या कारखान्यात मशीन असतं पण त्याची पाती वाकडी आणि धागे विंचरणारी असतात, ते वेगळं.

तपासा: काचेच्या बरणीत पाणी, त्यात चिमूटभर लगदा, झाकण लावून वीस वेळा हलवा. धागे ढगासारखे सुटे पसरले पाहिजेत. दोन-चार धागे एकत्र चिकटून दोरीसारखे फिरताना दिसले तर अजून कुटा. आमचे गोळे तासाभरात झाले, एक हट्टी गोळा दीड तास खाऊन गेला.

आता सगळा लगदा हाताने पिळून वजन करा आणि भाग पाडा. आमच्याकडे पिळलेला लगदा २,२५० ग्रॅम भरला, म्हणजे त्यात कोरडा धागा साधारण पाचवा हिस्सा. ७५० ग्रॅम टाकी पहिल्यांदा भरायला बाजूला आणि उरलेल्याचे २०० ग्रॅमचे गोळे. एक गोळा म्हणजे पाच कागदांचा धागा. गोळ्यांना नंबर द्या. हा उद्योग आत्ता फालतू वाटतो, उद्या कळेल.

६. नेरी

नेरी म्हणजे तोरोरो-आओइ नावाच्या झाडाच्या मुळांचा बुळबुळीत रस. हे झाड आपल्या भेंडीचं सख्खं चुलत भावंड आहे आणि भेंडी चिरताना हाताला जो तार सुटतो तोच प्रकार, फक्त मुळात.

सगळ्यात मोठा गैरसमज, की नेरी म्हणजे डिंक. नाही. धागे एकमेकांना वाळताना आपोआप धरतात. नेरी दोन कामं करते, लांब धागे पाण्यात एकमेकांत न गुंतता तरंगत ठेवते, आणि चाळणीतून पाणी हळू गळू देते म्हणजे तुम्हाला चौकट हलवायला वेळ मिळतो. म्हणून "कागद पक्का व्हावा" म्हणून जास्त ओतू नका.

मुळं धुवा (बऱ्याचदा ती प्रिझर्वेटिव्हमध्ये ठेवलेली असतात), मोगरीने ठेचा, गार पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी सुती पिशवीतून गाळा. पिळू नका, आपोआप गळू द्या, पिळलं की कचरा येतो. हात बुडवून उचलल्यावर बोटांवरून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की तयार.

सावधान: नेरीला ऊब चालत नाही. हीटरजवळ ठेवली, कोमट पाणी घातलं, की तार तुटते आणि नुसतं पाणी उरतं. म्हणून कागदाची कामं पूर्वीपासून थंडीत. घरी येऊन पुण्यात मे महिन्यात भेंडीच्या रसावर हा प्रयोग करणाऱ्यांनी बर्फाचा डबा जवळ ठेवावा आणि रस दर दोन-तीन तासांनी नवीन करावा, मी केलाय, दुपारपर्यंत रसाचं पाणी झालं होतं.

७. टाकी

क्रम: पाणी, मग लगदा, मग ढवळणं, मग नेरी, मग परत ढवळणं. आमची टाकी साधारण ६० लिटरची होती. लगदा घातल्यावर मोठ्या लाकडी कंगव्याने नाहीतर काठीने जोरात शे-दोनशे वेळा ढवळा, गुठळी दिसायची थांबेपर्यंत. नेरी आधी घातली तर पाणी दाट होतं आणि मग गुठळ्या फुटत नाहीत. मेसेजमधल्या उरलेल्या अर्ध्या गुठळ्या इथल्या.

नेरी किती? चाळणीवर पाणी घेऊन बघा. दोन-तीन सेकंदात भस्सकन गळून गेलं तर कमी आहे. तळ्यासारखं साचून राहिलं तर जास्त. पाणी सावकाश, पण डोळ्यादेखत कमी होताना दिसलं पाहिजे.

आता कागद. सुगेता दोन्ही हातांनी, कोपरं अंगाजवळ.

पहिलं पाणी उथळ घ्या आणि चटकन सगळ्या चाळणीवरून पलीकडे फेकून द्या. याने एक बारीक थर सारखा बसतो, तोच कागदाचा चेहरा. दुसरं पाणी खोल घ्या आणि मागे-पुढे हलवा, याला चोशी म्हणतात. मिनोत आडवंही हलवतात, त्याने धागे दोन्ही दिशांनी विणले जातात. पाणी चाळणीवर असतानाच हलवायचं, पाणी गेल्यावर हलवलं तर बसलेले धागे सरकतात आणि सुरकुती पडते. हवी ती जाडी येईपर्यंत असंच तीन-चार वेळा. शेवटचं उरलेलं पाणी झटक्यात पलीकडच्या काठावरून टाकून द्यायचं, हे सुतेमिझु, वर तरंगणारा कचरा त्याच्याबरोबर जातो. हे पाणी तसंच गळू दिलं की ठिपके कागदावर बसतात.

किती वेळा पाणी घेतलं ते मोठ्याने मोजा. लाजू नका, आम्ही मराठीत, जपानीत आणि एक पोरगा व्हिएतनामीत मोजायचा. सगळे मोजतात म्हणून जाडी सारखी येते.

दर पाच कागदांनी नंबरचा एक गोळा टाकीत, जोरात ढवळणं, मग नेरीची भर, परत ढवळणं. हे चुकलं तर पहिला कागद पुठ्ठा आणि विसावा टिश्यू, आणि दिव्यात लावल्यावर शेजारी शेजारी दिसतं.

तपासा: प्रत्येकाचे पहिले पाच कागद सरावाचे. ते ढिगात घालूच नका, चाळणीवरून परत टाकीत सोडा. ओला कागद परत टाकीत जातो, दाबलेला जात नाही.

८. ढीग आणि दाब

चौकट उघडून सु उचलायची, कागदाची बाजू खाली करून ढिगावर म्हणजे शितोवर अंगाजवळच्या काठापासून हळूहळू टेकवत न्यायची, जशी चटई उलगडतो तशी, आणि मग त्याच काठापासून सोलून काढायची. मधे हवा राहिली की बुडबुडा, आणि वरचे सगळे कागद तिथे फाटतात. बुडबुडा दिसला तर बोटाने दाबू नका, तो कागद सु ने परत उचलून टाकीत.

कागदांमध्ये कापड लागत नाही, एकावर एक थेट. पहिल्यांदा बघताना पोटात गोळा येतो की आता हे सुटणार कसे. सुटतात, नेरीची कृपा. काही ठिकाणी काठाला एक दोरा ठेवतात, तसा ठेवला तर सुटे करणं सोपं जातं. ढीग करताना सगळे काठ एका रेषेत, खुणेच्या दोन काठ्या लावून.

त्या रात्री दाब नाही. वर ओलं कापड, फळी, बस, आपल्या वजनाने निथळू दे. सकाळी थोडं वजन, तासाभराने अजून थोडं, असं पाच-सहा तास वाढवत न्यायचं. घाईत एकदम जॅक आवळला तर पाणी बाजूने वाट काढतं आणि ओला लगदा बाहेर येतो, एका ग्रुपचे तीस कागद एका मिनिटात असे गेलेले मी पाहिलेत, कोणाचा ग्रुप ते सांगत नाही.

९. वाळवणं

कोपऱ्यातून एकेक कागद सोला, ब्रशच्या काठीवर झेलत फळीवर टाका. मधून बाहेर ब्रश फिरवा, कोपरे शेवटी. आधी हवा काढायची, मग घट्ट बसवायचं, जोर लावून घासू नका, पृष्ठभाग उसवतो. जी बाजू फळीला लागते ती गुळगुळीत होते, म्हणून सगळ्या कागदांची एकच बाजू फळीला.

उन्हात फळ्या असतील तर छान, नाहीतर वाफेवर तापणारा धातूचा पत्रा असतो, त्यावर काही मिनिटांत होतं. पत्र्यावर घाई करून ओला काढला की तो आकसतो आणि पापडासारखा होतो.

तपासा: हाताची मागची बाजू लावा. गार लागतंय म्हणजे अजून ओला आहे.

वाळलेला प्रत्येक कागद खिडकीसमोर धरा आणि मागे पेन्सिलने कोणाचा, कितवा ते लिहा. इथेच तीन ढीग करा: दिव्याचे, बिघडलेले, आणि पाठवायचे. पाठवायचे म्हणजे शोकुनिन-सानना तयार कामाबरोबर द्यायचे दोन चांगले कागद, ते उलटून पालटून बघतात आणि तेव्हा खरं मत कळतं.

त्याच दिवशी टाकी रिकामी, सु मऊ ब्रशने धुवून सावलीत उभी. उन्हात नको, काड्या वाकतात. उरलेली नेरी ठेवू नका, वास मारते.

१०. दिवा

मिनोत दरवर्षी ऑक्टोबरमध्ये जुन्या गल्ल्यांमधून वाशीच्या दिव्यांचं प्रदर्शन भरतं, मिनो वाशी आकारी-आर्ट, बरेच प्रोजेक्ट ते डोळ्यासमोर ठेवूनच चालतात. भाग घ्यायचा असेल तर त्यांचे नियम दिव्याचा आकार ठरवायच्या आधी वाचा, नंतर नाही.

आकाशकंदील केलेल्या माणसाला हे शिकवायला नको. सांगाडा बांबूचा नाहीतर लाकडी पट्ट्यांचा, चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ. फेव्हिकॉल टाइप गोंद नको, उजेडात पट्टा दिसतो. जोडाच्या जागी कागद कात्रीने कापू नका, ओल्या ब्रशने रेघ मारून तिथून हळू फाडा. धाग्यांची झालर सुटते आणि जोड उजेडात जवळजवळ नाहीसा होतो. कागद किंचित ढिला चिकटवा, खळ वाळल्यावर पाण्याचा हलका फवारा मारा, वाळताना तो ताणून बसतो. आधीच ताणून लावलात तर फवाऱ्यानंतर फाटतो.

आत एलईडीच, आणि कागदापासून लांब. लावून बघायचा तो अंधार पडल्यावर, दिवसा सगळे दिवे चांगलेच दिसतात. आमचा पहिल्यांदा लावला तेव्हा उजव्या बाजूला, बरोबर मधोमध, दोन सेंटीमीटरचा मरून तंतू उमटला, सहा जणांनी वळून माझ्याकडे बघितलं. असं झालं तर सुईने उकरायला जाऊ नका, भोक पडतं. ती बाजू भिंतीकडे करून ठेवा.